पंडिता रमाबाईंना देव दुष्काळात सापडला नाही

शेवंती

मागे इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की माणूस संकटात सापडला की धर्म बदलतो, कारण त्या वेळी जो हात पुढे येईल तो तो धरतो. ते वाक्य मनातून जात नाही. मी जन्माने ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातली. आजोबा पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते. पण जिला मी माझी श्रद्धा म्हणेन ती मला नवऱ्याच्या आजारपणानंतर मिळाली, आणि तीही लगेच नाही. म्हणून या विषयावर नीट लिहावंसं वाटलं. स्वतःबद्दल लिहिण्याआधी रमाबाईंबद्दल लिहिते.

शाळेच्या पुस्तकातल्या रमाबाई म्हणजे कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली वीस वर्षांची मुलगी. त्या सभेआधीची चार वर्षं पुस्तकात दोन ओळींत आटपतात. मला तीच महत्त्वाची वाटतात.

जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्मसभेपुढे उत्तर द्यावं लागलं होतं. रानातल्या आश्रमात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पाहुणचारात होता नव्हता तो पैसा संपला आणि मग सगळं कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायला लागलं. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. लोकांनाच खायला नाही तिथे पुराणिकाला कोण देणार? मजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज. दागिने गेले, चांगली वस्त्रं गेली, तांब्यापितळेची भांडी गेली. त्यातून आलेला पैसाही देवाची कृपा व्हावी म्हणून बराचसा दानधर्मात घातला. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर. वडिलांनी जलसमाधी घ्यायची ठरवली. तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी पडेल ते काम करतो, पण हे नको.

वडील लवकरच गेले. जाताना धाकट्या लेकीला जवळ घेऊन म्हणाले की तुला मी देवाच्या हाती दिलंय, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. मग आई. आईसाठी शेजारणीकडे भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई गेल्या आणि तोंडातून शब्द फुटेना. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. त्या बाकीच्यांपेक्षा बुटक्या, म्हणून त्यांनी आपला भार डोक्यावर घेतला आणि तीनेक मैलांवरच्या मसणवटीपर्यंत नेला. त्यानंतर बहीण कॉलऱ्याने गेली.

आता मुद्दा. या सगळ्या काळात त्यांना ख्रिस्त भेटला नाही. कुणी मिशनरी भाकरी घेऊन आला नाही. उलट, होता तो देवही हरवला. इतकी व्रतं केली, इतकी दानं दिली, आणि हाती काय आलं, असा त्यांचा सवाल होता. कलकत्त्यात विद्वान त्यांचा गौरव करत होते तेव्हा त्यांचा स्वतःचा विश्वास जवळजवळ संपलेला होता. तिथल्याच एका ख्रिस्ती मेळाव्यात लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसले, तर त्यांना वाटलं की हे खुर्च्यांचीच पूजा करतात.

पुढे १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी त्यांचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं. जातीबाहेरचं लग्न, म्हणून दोघांनाही लोकांनी टाकलं. सिलचरच्या घरात पुस्तकं चाळताना बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान बंगालीत हाती आलं आणि आवडलं. बायकोने ख्रिस्ती व्हावं हे नवऱ्याला मान्य नव्हतं, तेव्हा ते तिथेच राहिलं. फेब्रुवारी १८८२ मध्ये नवराही कॉलऱ्याने गेला. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला, इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींच्या, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींच्या मठात. वडील गेल्याला नऊ वर्षं होऊन गेली होती. लंडनच्या फुलहम भागात त्या भगिनी समाजाने टाकलेल्या बायकांसाठी एक घर चालवायच्या. ज्या बायकांची सावलीही लोक टाळतात त्यांच्याशी या भगिनी अशा मायेने का वागतात, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला गेला. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, म्हणजे यहुदी ज्यांना कमी लेखत त्यांच्यातली, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. हा माणूस बाईला तुच्छ लेखत नाही, हे रमाबाईंना तिथे दिसलं. माझ्या वाचनात त्यांच्या श्रद्धेचं बी हे आहे. भूक नव्हे.

पण भुकेचा उपयोग झाला. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. अनाथ मुली आणि विधवा, तीनेकशे जणींना घेऊन आल्या. पाला खाल्लेल्या माणसाला दुष्काळातली पोर कशी दिसते, हे दुसऱ्या कुणाला तितकं कळणार नाही. पुण्यात प्लेगमुळे इतक्या मुली ठेवायला परवानगी मिळेना, म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं होती.

ज्यांनी अशा वाटेवर काही पाहिलं असेल त्यांनी लिहावं. दुसऱ्या धर्माच्या मंडळींनीही.

जुनीपुस्तकं

चांगला धागा. एक भर घालतो. १८८३ ला गोष्ट संपत नाही. रमाबाईंनी स्वतः लिहिलंय की बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ते घडलं १८९१ च्या सुमारास, म्हणजे विधवांसाठीची त्यांची शाळा, शारदा सदन, सुरू होऊन दोन वर्षं झाल्यावर. दरम्यानच्या काळात वाँटेजच्या भगिनी आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार चालला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव हे त्रैक्याचं तत्त्व पटत नाही, येशूच्या देवपणाबद्दल शंका आहेत, सगळं त्यांनी उघड लिहिलं. आपल्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटले, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, असंही सुनावलं. आश्रय देणाऱ्यांना आश्रितबाई असं लिहिते, हे लक्षात घ्या. जो हात पुढे आला तो धरला, हे रमाबाईंना लागू होतच नाही.

सह्याद्रीवारा

ते मूळ वाक्य बहुधा माझंच होतं, म्हणून उत्तर देतो. रमाबाईंबद्दल मला नितांत आदर आहे आणि त्यांच्याबाबतीत तुमचं म्हणणं मान्य. त्या प्रौढ होत्या, विदुषी होत्या, भांडू शकत होत्या.

पण केडगावला आणलेल्या मुलींचं काय? आठ-दहा वर्षांची पोर, आईबाप दुष्काळात गेलेले, तिला अन्न, अंथरूण आणि मायेने बोलणारं माणूस एकाच घरात मिळतं, आणि त्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ येशूची प्रार्थना चालते. तिने ख्रिस्ती होणं हे तिचं ठरवणं म्हणायचं का? शारदा सदनाच्या वेळीही हाच वाद झाला. धर्माबाबत तटस्थ राहू असं सांगून संस्था सुरू केली, पुढे मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ही माणसं सनातनी नव्हती. त्यांना काहीतरी खटकलं होतं. मी हे भांडायला लिहीत नाही. माझ्या आजीच्या माहेरी असं घडलेलं आहे आणि त्या घरात त्याचा सल अजून आहे.

टोरांटोत_मराठी

सह्याद्रीवारा, सल दोन्हीकडे असतो. लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण बघा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. इकडे लक्ष्मीबाईंची नवरा जिवंत असून नसल्यासारखी स्थिती. लहानगा दत्तू पदरात, माणसांचे टोमणे, आणि काही वर्षांची ताटातूट. हे दुःख ख्रिस्ती धर्मामुळेच त्यांच्या वाट्याला आलं होतं! पुढे नवऱ्याकडे परत आल्या त्याही आपलं सोवळं घेऊन, वेगळी चूल मांडून. टिळकांनी ते चालू दिलं. मग एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं की जाती देवाने केल्या असत्या तर जनावरांत असतो तसा फरक माणसामाणसांतही दिसला असता. तिथून सोवळं सुटलं आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढून नेलं असतं तर आधीच नेलं असतं. त्यांना त्यांच्या डोक्याने यायचं होतं आणि तेवढी वाट त्यांना मिळाली.

शेवंती

सह्याद्रीवारा दादा, तुमचा प्रश्न टाळणार नाही. त्या लहान मुलींपुढे निवड नव्हती, हे खरं आहे. दोन घरं समोर असती आणि त्यांनी एक निवडलं असतं, असं काही झालं नाही. रानडे-भांडारकरांचा आक्षेपही मला पोकळ वाटत नाही. संस्थेने एक शब्द दिला होता आणि पालकांनी त्या शब्दावर मुली पाठवल्या होत्या. केडगावला निदान तो घोळ नव्हता. ही ख्रिस्ती संस्था आहे हे पहिल्यापासून उघड होतं.

पण दुसरी बाजूही मांडायला हवी. रमाबाई दुष्काळी भागातल्या गरीबखान्यांत आणि मदतीच्या छावण्यांत हिंडल्या आणि तिथे तरण्या मुलींचं काय होतं ते त्यांनी लिहून ठेवलंय. त्यांना फूस लावून नेणारे आसपासच घिरट्या घालत असत. त्या मुलींपुढे खरी निवड धर्माधर्मात नव्हतीच, केडगाव की तो दलाल अशी होती. आणि केडगावला नुसती प्रार्थना नव्हती. मुली छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकल्या, माग चालवायला, शेती करायला, शिकवायला शिकल्या. फसवलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळं होतं, आणि ते नाव घेतलं की मला फुलहमचं घर आठवतं. मनोरमाबाई ब्रेल शिकून आल्या आणि अंध मुलींना वाचायला शिकवू लागल्या. १९०० साली आपल्याकडे अंध अनाथ मुलीला कोण वाचायला शिकवत होतं?

तुमच्या आजीच्या माहेरचा सल मात्र मी या कुठल्याही उत्तराने पुसू शकत नाही. ते घर आपल्या मुलीला मुकलं. त्यांच्या बाजूने ते नुकसानच होतं.

निर्मळचं_तळं

आम्ही वसईचे, पोर्तुगीज काळापासूनचे कॅथलिक. आमच्या घरात श्रद्धा सापडायची नसते, ती जन्मतः असतेच असं धरून चालतात. चर्चमधली मिस्सा, रोजची जपमाळ, सण, सगळं आपोआप. माझ्या आईला कंपवात झाला आणि ती पूर्ण अंथरुणाला खिळली. तेव्हा मला कळलं की मी आयुष्यभर प्रार्थना नुसती म्हणत आलो होतो. आईचं अंग पुसताना, तिला चमच्याने पेज भरवताना ओठांवर तीच जुनी वाक्यं यायची. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे तेव्हा पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडायला जड गेलं. जड गेलं म्हणजे आता कुठे मी ते मनापासून म्हणत होतो. एवढंच सांगायचं होतं.

साठीपार

मी इथे वाचत असतो, लिहीत नाही. आज लिहितो.

माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला. अपघात. भेटायला आलेल्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते आणि सगळ्यांकडे एकच वाक्य होतं: देवाची इच्छा. एक ख्रिस्ती मित्र म्हणाला, यात देवाची काहीतरी योजना असेल. त्याला मी घराबाहेर जा म्हणालो. अजून बोलत नाही त्याच्याशी.

शेवंतीताई, तुम्ही रमाबाईंच्या आडून लिहिलंत. मला विचारायचंय की तुमच्या नवऱ्याच्या आजारात तुम्हाला नक्की काय मिळालं? योजना वगैरे नको. खरं ते सांगा.

शेवंती

साठीपार काका, सांगते.

त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार-चार तास. मी बाहेरच्या बाकावर. सुरुवातीला पुष्कळ प्रार्थना केली. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या लोकांनी उपास केले. एकजण येऊन सांगून गेला की विश्वास कमी पडतोय म्हणून गुण येत नाही. ते ऐकून मी उपासनेला जाणं सोडलं. हे गेल्यावरही बरेच महिने गेले नाही. बायबल कपाटात होतं, ते तिथेच राहू दिलं.

पुन्हा उघडलं ते रागाने. वाद घालायला. आणि सापडलं स्तोत्र ८८. काका, तुम्ही मानत असाल-नसाल, एकदा वाचा. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारापाशीच संपतं. माझ्यासारखं बोलणारा माणूस त्या पुस्तकात आहे आणि त्याला कुणी गप्प केलेलं नाही, हे पाहून मी किती तरी वेळ रडले. मग ईयोब वाचला, सगळं गमावलेल्या माणसाची गोष्ट. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर ठीक होतं. मग ते बोलायला लागले: तुझं काहीतरी चुकलं असेल, देवाच्या करण्यात कारण असतं. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो. म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. म्हणजे जो भांडत होता तो!

तुमच्या मित्राचं मन वाईट नसेल. पण 'योजना' हा शब्द मीही आता कुणाच्या दारात नेत नाही. माझा नवरा जावा अशी देवाची योजना होती, असं मी मानत नाही. मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला. त्याला उठवणार हे ठाऊक असूनही रडला. मला जो देव सापडला तो हा, बाकावर शेजारी बसणारा. कारण सांगणारा नाही सापडला.

आणि काम. डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर खेड्यापाड्यांतून आलेले नातेवाईक असायचे. रुग्णाला बेडवर जेवण मिळतं, त्याच्याबरोबर आलेल्याला नाही. बायका पदराच्या गाठीतले पैसे मोजून फक्त चहा घ्यायच्या. मी ते रोज पाहत होते, पण तेव्हा माझ्यात काही करायचं बळ नव्हतं. हे गेल्यावर मला त्या बाकांशिवाय दुसरं काही आठवेना. म्हणून डबे न्यायला लागले. पोळी, भाजी, वरणभात. आता मंडळीतल्या आणि बाहेरच्याही बायका येतात. एक मुसलमान काकू येतात, त्यांच्या हातच्या डाळीला तोड नाही. रमाबाईंची भूक आणि त्यांचं केडगाव मला जवळचं वाटतं ते यामुळे.

केडगाव_लोकल

ताई, साक्ष वाचून डोळे भरून आले. प्रभू तुमच्या कामाला आशीर्वाद देवो. पण एक विचारू का? डब्यांबरोबर तुम्ही प्रभूविषयी सांगता की नाही? कारण नुसतं जेवण तर कोणतंही मंडळ देतं. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं सगळं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणण्यात घालवली. मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या, त्यानंतरही हे काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तोवर मुद्रितं तपासणं चालूच होतं. वचन लोकांपर्यंत पोहोचावं म्हणूनच ना हे सगळं? तोंडाने सांगितल्याशिवाय कळणार कसं?

शेवंती

आमच्या मंडळीतही यावर दोन मतं आहेत, आणि तुमचं मत मांडणारी माणसं मला परकी नाहीत. पण मी डब्याबरोबर पत्रक देत नाही आणि देऊ देणारही नाही. भुकेलेल्या माणसाच्या हातात डबा असताना त्याला नाही म्हणता येत नाही. सह्याद्रीवारा दादांचा प्रश्न तोच आहे, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडून इतकं तरी देणं लागतं. कुणी विचारलं की तुम्ही हे का करता, तर सांगते. येशूमुळे करते, असं स्पष्ट सांगते. कुणी म्हणालं प्रार्थना करा, तर तिथेच हात धरून करते. विचारतात बरेच जण, पण जेवून झाल्यावर.

आणि वचन पोहोचवण्याबद्दल म्हणाल तर रमाबाईंनाही ते आधी फुलहमच्या घरात दिसलं होतं. योहानाचा अध्याय त्यांनी विचारल्यावर वाचला गेला.

सह्याद्रीवारा

हे वाचून बरं वाटलं. मूळ वाक्य मी आता तसंच्या तसं लिहिणार नाही. पूर्ण मागेही घेत नाही. केडगावच्या मुलींचं त्यांच्याच शब्दांत काही उपलब्ध असेल तर 'जुनीपुस्तकं' यांनी सांगावं, वाचायला आवडेल.

जुनीपुस्तकं

शोधतो. वेगळा धागा काढू, इथे विषय भरकटेल.

साठीपार

स्तोत्र वाचलं. दोनदा वाचलं.

मी देव मानत नाही, ते बदललेलं नाही. पण आम्ही पुण्यातच असतो आणि सकाळचा वेळ मला खायला उठतो. डबे भरायला माणूस चालेल का?

शेवंती

काका, चालेल म्हणजे काय! व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, पत्ता त्यात आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पोळ्या सहालाच सुरू होतात, पण तुम्ही सात-सव्वासातला आलात तरी पुरे. भाजी चिरायची असते आणि डब्यांना झाकणं लावायची असतात. शनिवारी डबे वॉर्डापर्यंत नेणारा मुलगा या महिन्यात परीक्षेमुळे येणार नाही. स्कूटर चालवत असाल तर तसं कळवा.